सरासरीत हरवलेलं तळोदा

तळोद्यात बसून शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताय. कागदपत्रं अपलोड होता होता नेट जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! तुम्ही वैतागता, पण अ‍ॅपवाल्यांना ते कळतं का?

समजा, १०,००० जणांनी फॉर्म उघडला. शहरांतल्या ९,५०० पैकी ९,०२५ जणांचा सबमिट झाला, आपल्याकडच्या ५०० पैकी फक्त २००. तरी एकूण आकडा ९२ टक्के! ‘९० च्या खाली गेलं तर मेल पाठव’ असा अलर्ट लावला असेल, तर तो येणारच नाही. ऑफिसात सगळे खूश आणि इथे ३०० जण लटकलेले.

यावर उपाय म्हणजे सेगमेंट. गाव, फोन, अ‍ॅपचं व्हर्जन यानुसार युजर्सचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला वेगळा अलर्ट लावायचा. मग आपले ४० टक्के लगेच दिसतात. गट मात्र फार लहान नको. पाचातले दोघं अडले तरी उगाच मेल येत राहतील.

मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेली क्लेव्हरटॅप याच क्षेत्रातली कंपनी. तुम्हाला शिकायचंय? गुगल अ‍ॅनालिटिक्सचं डेमो अकाउंट मोफत आहे. त्यात शहरानुसार सेगमेंट पाडून बघा. आणि उद्या स्वतःचं अ‍ॅप बनवाल, तेव्हा तळोद्याचा आकडा वेगळा बघायला विसरू नका!