पाणी आणि मासा – भाग ६ : समुद्राचा ठेका कुणाकडे?

गेल्या आठवड्यात आपण धरणांतली मासेमारी पाहिली. तिथला हिशेब त्या मानाने सरळ आहे. जलाशय ठेक्याने एका सहकारी संस्थेकडे जातो, संस्था बोटुकली सोडते, रोहू-कटला वाढतात, आणि जे सोडलं त्याचंच पीक जाळ्यात येतं. समुद्रात बोटुकली कुणी सोडत नाही आणि ठेका कुणाच्याच नावावर नसतो. आपल्या अर्धापूरपासून किनारा रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब. तरी आपल्या आठवडी बाजारात पोत्यांत दिसणारी सुकट आणि वाळके बोंबील त्याच पाण्यातले. म्हणून हा भाग किनाऱ्यावर.

मालक नसलेल्या मासळीचं काय होतं हे केळी पिकवणाऱ्या गावाला समजावून सांगायला नको. इसापूर धरणाचं आवर्तन लांबलं की बोअर पाडले जातात. शेजाऱ्याने चारशे फूट घेतलं की आपण सहाशे. यात लबाड कुणीच नसतो, ज्याचं त्याचं गणित बरोबर असतं, आणि तरीही शिवारातलं पाणी खाली जात राहतं. समुद्रात फुटांच्या जागी इंजिनाची ताकद आणि जाळ्याची लांबी येते, एवढाच फरक.

या चढाओढीला आवर घालायला राज्याने केलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. त्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंतचं पाणी केंद्राच्या अखत्यारीत. परवाना नसलेल्या नौकेला मासेमारी करता येत नाही, ही पहिली अट. दुसरी अट जागेची: उथळ पाणी लहान होड्यांसाठी राखलेलं, म्हणून काही भागांत पाच वाव, काही भागांत दहा वाव खोलीच्या आत जाळं ओढत नेणाऱ्या ट्रॉलरला बंदी.

तिसरी अट काळाची. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका बंदरातच राहतात. मासळीच्या कितीतरी जातींच्या विणीचा हा काळ; शिवाय समुद्रही खवळलेला. पूर्वी राज्यात ही बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर असे. मग त्या जागी १ जून ते ३१ जुलै ही मुदत आली. नारळ वाहून समुद्रात उतरण्याची रीत मात्र पंचांगाप्रमाणेच चालते, त्यामुळे कायदा मोकळा झाला तरी सण अजून यायचाय, असं बहुतेक वर्षी होतं. बंदी ऑगस्टमध्येही चालू ठेवा अशी मागणी पालघरकडच्या मच्छीमार संस्थाच करत आल्या आहेत. मच्छीमाराला नियम नकोच असतात, असं शहरात बसून बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

खरी गुंतागुंत जाळ्यात आहे. जाळ्याच्या भोकाला ‘आस’ म्हणतात. आस मोठी असेल तर पिल्लं निसटतात, लहान असेल तर सगळंच आत राहतं. त्यातही भोकाचा आकार महत्त्वाचा: ट्रॉलचं जाळं ओढलं की ताणाने शंकरपाळ्याच्या आकाराची आस मिटत जाते, चौकोनी आस उघडी राहते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ट्रॉलच्या शेपटाला ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसेची शिफारस केली, ती यामुळेच.

पण डोल जाळ्याचं काय करायचं? वसई, वर्सोवा, अर्नाळा भागांत भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडं ठेवून उभं केलेलं हे पारंपरिक जाळं. त्याच्या शेवटच्या टोकाची, खोल्याची, आस फार बारीक असते, कारण त्यात बोंबलाबरोबर जवळा धरायचा असतो. जवळा मुळातच इवलासा; आस मोठी केली तर तो पूर्ण निसटतो. आस बारीक ठेवली तर त्याच प्रवाहात वाहत आलेली पापलेटची पिल्लंही अडकतात. हाच जवळा वाळवला की आपली सुकट. म्हणजे नियम कडक झाला तर भाव आपल्याही बाजारात हलणार. पारंपरिक ते सगळं निर्दोष आणि यांत्रिक ते सगळं राक्षसी, ही वाटणी मला म्हणूनच पटत नाही.

तरीही पर्ससीन जाळ्याची गोष्ट वेगळी. तरंगत्या थव्याला गोल वेढा घालायचा, खालून दोरी आवळायची, की बांगडा-तारलीचा अख्खा थवाच हाती येतो. पर्ससीनवर राज्याने नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करण्याचं धोरण आखलं. रापण आणि गिलनेट या जाळ्यांवर जगणाऱ्यांनी किती वर्षं आरडाओरड केली तेव्हा हे झालं. रात्री एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासळी गोळा करण्याला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या पाण्यात मनाई केली.

२०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा ठरवलं आणि ५४ जातींसाठी किमान आकारही ठरवला: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. राज्यमाशाचा मान मिळाल्याने पापलेट वाढत नाही; १३५ चा आकडा पाळला तर वाढेल. हा आकडा मोजायची जागा म्हणजे बंदराचा धक्का. एकदा मासळी बर्फाच्या पेटीत गेली, ट्रकमध्ये चढली, की नांदेडच्या बाजारात पट्टी घेऊन कोण उभं राहणार?

दंडाचंही तसंच होतं. तो पकडलेल्या मासळीच्या किमतीवर मोजला जाई, म्हणून बड्या नौकेला तो धंद्याचा खर्च वाटे. २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत नेला आणि कारवाईचा निवाडा तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे दिला. तहसीलदाराच्या टेबलावर पीक पंचनामे, रेशन, निवडणुका यांच्या ढिगात नौकेचं प्रकरण किती वर येणार, हे आपल्या तालुक्यालाही ठाऊक आहे. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने गस्त सुरू झाली. त्याहून जास्त धाक माझ्या मते डिझेलचा: करपरताव्याचं डिझेल बंद झालं की यांत्रिक नौकेचं गणितच कोसळतं.

उरतं बारा मैलांपलीकडचं पाणी. परराज्यांतल्या ताकदवान ट्रॉलरबद्दल सिंधुदुर्ग-रत्नागिरीची तक्रार जुनी आहे. राज्याची गस्त दिसली की हद्द ओलांडायची आणि ती वळली की परत आत यायचं, असा हा लपंडाव. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने या बाहेरच्या पाण्यासाठी नवे नियम काढले. यांत्रिक नौकांना तिथे जायला ऑनलाइन प्रवेश-परवाना लागेल, छोट्या पारंपरिक मच्छीमारांना त्यातून सूट आहे, आणि सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. जलाशयाच्या ठेक्यात संस्था असते तशी संस्था खोल समुद्रात उभी राहील का, हे त्या संस्थांकडे मोठ्या नौका घ्यायला भांडवल कुठून येतं यावर ठरेल.