जुन्या शेव्हरची बॅटरी बदलताय? आधी आत कोणता सेल आहे ते बघा

फोनची बॅटरी लवकर उतरायला लागली की ती बदलून घेता येते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण शेव्हर किंवा ट्रिमर रात्रभर चार्जिंगला लावूनही तीन मिनिटांत मान टाकायला लागला, की तो सरळ भंगारात जातो. खरं तर आतली मोटर आणि पाती बऱ्याचदा ठणठणीत असतात. संपलेला असतो तो फक्त आतला सेल. बाबांचा जुना शेव्हर मी गेल्या महिन्यात उघडला तोही याच कारणासाठी, आणि हा लेख मुख्यतः त्यावरूनच लिहितोय.

आधी एक खात्री करा. जाळीत केस आणि वाळलेला साबण अडकला असेल तर मोटरवर ताण येतो आणि चांगली बॅटरीही लवकर संपते. डोकं काढून नीट साफ करा, थेंबभर मशीन ऑइल सोडा. तरीही तेच होत असेल तर दोष सेलचा समजा. मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. शेव्हर उघडल्यावर चार्ज झालेला सेल नुसता मोजला तर जवळपास नेहमीच ठीक दिसतो, म्हणून मोटर चालू ठेवून मोजायचा. १.२ व्होल्टचा चांगला सेल तेव्हाही त्याच्या आसपास टिकतो, म्हातारा झालेला एक व्होल्टच्याही खाली घसरतो.

उघडायचं कसं? स्क्रू कधी स्टिकरखाली लपवलेले असतात, कधी डोक्याच्या आत. एक युक्ती सांगतो. बऱ्याच शेव्हरच्या माहितीपुस्तिकेत शेवटी 'टाकून देण्यापूर्वी बॅटरी कशी काढावी' याचं चित्र असतं. कंपनीला तुम्ही बॅटरी बदलावी असं वाटत नसतं, पण उघडायचा रस्ता तिनेच छापून दिलेला असतो! पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबर टाकून शोधा, पीडीएफ मिळते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. ज्या शेव्हरची वायर अडॅप्टरशिवाय थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाते, त्याच्या आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब साठलेला असू शकतो, प्लग काढल्यानंतरसुद्धा. असा शेव्हर असेल तर तो जाणकार मेकॅनिककडे न्या. वेगळ्या छोट्या अडॅप्टरवर चालणारा असेल तर वायर काढून घरी काम करता येतं.

आकार सारखा, स्वभाव वेगळा

आता मुख्य मुद्दा. शेव्हरमध्ये साधारण तीन प्रकारचे सेल सापडतात. खूप जुन्यात निकेल कॅडमियम, त्यानंतरच्यात निकेल मेटल हायड्राइड आणि अलीकडच्यात लिथियम आयन, म्हणजे आपल्या फोनवाला. पहिल्या दोघांचा एक सेल १.२ व्होल्टचा असतो, लिथियमचा ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा. सेलवर हे छापलेलं असतं. नुसता आकडा बघून मात्र निष्कर्ष काढू नका, कारण १.२ चे तीन सेल जोडले तरी ३.६ च होतात. सेल किती आहेत ते मोजा. बाबांच्या शेव्हरमध्ये निकेल मेटल हायड्राइडचे दोन होते, एकूण २.४ व्होल्ट.

गोंधळ होतो तो इथेच. रिमोटमध्ये टाकतो त्या पेन्सिल सेलच्या मापाचा लिथियम सेलही बाजारात मिळतो. त्याला १४५०० म्हणतात: १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब. तो जुन्या सेलच्या जागी अगदी फिट्ट बसतो, आणि 'हा टाका, जास्त पॉवर मिळेल' असं सांगणारेही भेटतात. टाकू नका. निकेलवाल्या शेव्हरमधला चार्जर बहुतेक वेळा बिनडोक असतो. तो थोडा थोडा करंट देत राहतो, कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. निकेलचा सेल हे बऱ्यापैकी सोसतो, जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतो. लिथियमला मात्र ४.२ व्होल्टला थांबवावंच लागतं. नाही थांबवलं तर तो फुगतो, पेट घेऊ शकतो. आणि ही वस्तू आपण थेट गालाला लावतो. याच कारणाने रिमोटचा साधा अल्कलाइन सेलही इथे चालत नाही. तो चार्ज करण्यासाठी बनलेलाच नाही, गळतो.

म्हणून निकेलच्या जागी निकेल, लिथियमच्या जागी लिथियम. कॅडमियमच्या जागी मेटल हायड्राइड चालतो, पण चार्जिंग संथ असेल तरच, आणि मग शेव्हर दिवसभर चार्जिंगला ठेवायची सवय सोडावी लागेल.

फोन घेताना आपण जास्त एमएएच बघतो. इथे तो हिशेब चालत नाही. समजा चार्जर ६० मिलिअँपिअर देतो आणि जुना सेल ६०० एमएएचचा आहे. तो भरायला नुसत्या भागाकाराने १० तास, प्रत्यक्षात थोडी ऊर्जा वाया जाते म्हणून १४-१५ तास लागतात. त्या जागी २००० एमएएचचा टाकलात तर दीड-दोन दिवस चार्जिंग करत बसाल. मूळ आकड्याच्या जवळपासचा सेल घ्या. आणि १४५०० लिथियमवर २३०० एमएएच छापलेलं दिसलं तर सरळ खोटं समजा, चांगले असतात तेही हजाराच्या आसपासच.

सेल पट्टीवालाच मागा, म्हणजे दोन्ही टोकांना निकेलची पत्री आधीच जोडलेली असते. सोल्डरिंगची उष्णता थेट सेलवर गेली तर आतलं सील खराब होतं. पत्रीवर टाका दिला की सेल वाचतो. मी पुण्यात तापकीर गल्लीतून आणले, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. जुने सेल सोडवण्यापूर्वी फोनवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, प्लस-मायनस उलटं झालं तर सर्किट जातं. जुन्या सेलच्या टोकाला पांढरी भुकटी दिसली तर ती क्षारयुक्त असते. हातमोजे घाला, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. लिथियमचा सेल फुगलेला दिसला तर मात्र त्याला टोचू नका, वाकवू नका. तिथेच थांबा आणि दुकानात दाखवा.

झाकण लावताना रबरी रिंग खाचेत नीट बसली आहे का बघा. तरीही एकदा उघडलेला शेव्हर मी नळाखाली धरणार नाही. कोरडाच वापरायचा, ब्रशने साफ करायचा. पहिलं चार्जिंग दिवसा, फरशीवर आणि नजरेसमोर करा. सेल कोमट लागला तर चालेल, हात लावून ठेवता येत नसेल तर लगेच प्लग काढा.

बाबांचा शेव्हर आता एका चार्जिंगवर आठवडाभर जातो. उरले ते दोन जुने सेल. कॅडमियम विषारी, लिथियम कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर आग लागू शकते, म्हणून असे सेल घंटागाडीत टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा संकलन केंद्रात किंवा जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात नेऊन द्या.