आवाज कोठून येतो?

जे गाणे मी पन्नास वर्षे ऐकत आलो, ते मी पुरतेपणी कधी ऐकलेच नव्हते, असे परवा एका रात्री माझ्या ध्यानात आले. गाणे 'मुघल-ए-आझम' या बोलपटातील, शीशमहालातील नृत्याच्या प्रसंगाचे. लहानपणी ते आमच्या धामणगावास बाजारातील एका दुकानाच्या रेडिओवरून कानी पडे, आणि त्यात बैलगाड्यांची खडखड व मालगाडीची शिटी हीही मिसळलेली असत. या खेपेस नातवाने आपली कानात घालावयाची यंत्रे मला दिली होती आणि घर निजले होते. त्या शांततेत प्रथमच जाणवले की, गाण्याच्या काही भागात लताबाईंच्या शब्दामागून आणखी काही येत आहे. शब्द संपतो, पण त्याचा नाद संपत नाही. भिंतीभिंतींवरून फिरून तो पुन्हा येतो. गाणारी कोण, चाल कोणाची, एवढेच मी आजवर विचारीत आलो होतो. हा आवाज कोणत्या जागेतून येत आहे, हे विचारावयाचे राहूनच गेले होते.

श्रोतेहो, त्या प्रश्नाचे उत्तर ऐकून आपणांस हसू येईल. तो आवाज स्नानगृहातून येतो. बोलपट १९६० साली प्रकाशित झाला. संगीतकार नौशाद यांना त्या गाण्यास आरसेमहालाचा घुमारा हवा होता, आणि आवाजावर मागाहून घुमारा चढविण्याची आजच्यासारखी साधने त्यांच्या हाताशी नव्हती. तेव्हा त्यांनी लताबाईंना ध्वनिमुद्रणगृहाच्या स्नानगृहात उभे करून गाववयास लावले. पडद्यावर बादशहाचा दरबार आणि प्रत्यक्षात फरश्यांची मोरी! परंतु कानाला दरबार खोटा वाटत नाही, कारण नाद कोणाच्याही ऐश्वर्याकडे पाहत नाही; समोरची भिंत कठीण आहे की मऊ, एवढेच तो पाहतो.

आमच्याकडील माणसास हे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. कापसाच्या हंगामात रुईच्या गाठींनी भरलेल्या गोदामात जाऊन हाक मारा. हाक तोंडातून निघते न निघते तोच मरते. तेच गोदाम पावसाळ्यात रिकामे झाल्यावर त्यात साधे खाकरले तरी टिनाचे छप्पर उत्तर देते. कापूस नाद गिळतो आणि टिन तो परतवते. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे सतरा मीटर दूर असलेल्या भिंतीवरून तो परत यावयास सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो, आणि तेवढा अवकाश मिळाला की कान त्यास निराळा पडसाद म्हणून ओळखतो. खोल विहिरीत हाक दिली असता आपलेच नाव आपणांस परत मिळते ते यामुळे. स्नानगृह लहान असते. तेथे नाद इतक्या त्वरेने आणि इतक्या वेळा परततो की कानास ते मोजता येत नाहीत. ते सर्व मूळ आवाजास चिकटतात, आणि त्या चिकटलेल्या शेपटीलाच आपण घुमारा म्हणतो.

याच्याही अकरा वर्षे आधीची एक गोष्ट मला याहून सूक्ष्म वाटते. १९४९ सालच्या 'महल' मधील ते प्रसिद्ध गाणे आपणांपैकी बहुतेकांनी ऐकले असेल. संगीतकार खेमचंद प्रकाश. पडक्या हवेलीत कोठून तरी दूरवरून एका स्त्रीचा स्वर येतो आणि हळूहळू जवळ येतो. आता दूरचा आवाज दाखवावयाचा तर तो लहान करावा, असे कोणासही वाटेल. पण घरी करून पाहा. रेडिओचे बटण फिरवून आवाज बारीक केला म्हणजे गाणारी दूर जात नाही. ती होती तेथेच राहून बारीक होते. याचे कारण असे की, जवळच्या माणसाचा आवाज आपणांकडे मुख्यतः सरळ येतो, तर दूरच्या माणसाच्या आवाजात सरळ आलेला अंश थोडा आणि भिंतींवरून फिरून आलेला अंश फार असतो. हे प्रमाण बदलल्यावाचून अंतर भासत नाही, आणि हे प्रमाण बटणाने बदलत नाही. म्हणून मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला, लताबाईंना एका कोपऱ्यात उभे केले, आणि प्रारंभीच्या ओळी म्हणत म्हणत त्यांनी चालत मायक्रोफोनपाशी यावयाचे, असे ठरले. सूर सांभाळावयाचा, पाऊल वाजू द्यावयाचे नाही, आणि चाल सुरू होण्याच्या क्षणी नेमके जागेवर पोहोचावयाचे! त्या वेळी त्या विशीच्याही आत होत्या. प्रथम निघालेल्या तबकडीवर तर त्यांचे नावही नव्हते. बोलपटातील पात्राचे, म्हणजे 'कामिनी' हे नाव छापलेले होते.

यंत्राचा मोहही आपल्याकडे लवकरच आला. १९५४ साली 'नागिन' मध्ये हेमंतकुमारांनी पुंगीचा जो नाद दिला, तो पुंगीचा नव्हेच. क्लॅव्हिओलिन नावाचे एक विजेचे लहानसे वाद्य कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच गृहस्थाने १९४७ मध्ये तयार केले होते. त्यावर एका वेळी एकच स्वर निघे. ते कल्याणजींनी वाजविले व सोबत रवींची हार्मोनियम होती. आजही आमच्याकडील वरातीत बँडवाले ती चाल वाजवितात आणि पोरे जमिनीवर लोळून नाग होतात. यंत्राने पुंगीची नक्कल केली आणि आता क्लॅरिनेटवाला त्या यंत्राची नक्कल करीत आहे.

हेच वाद्य पुढे लंडनमध्ये गाजले. चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील भाड्याच्या जागेत ध्वनिमुद्रण करणाऱ्या जो मीक या गृहस्थाने १९६२ मध्ये नव्या कृत्रिम उपग्रहाच्या नावाने 'टेलस्टार' ही तबकडी काढली. तिच्यातील अंतराळातून आल्यासारखा वाटणारा स्वर याच जातीच्या वाद्याचा. १९६७ मध्ये बीटल्स मंडळींनीही एका गाण्यात क्लॅव्हिओलिन घेतले. यावरून आपले काही मित्र असे म्हणतात की, साहेबाने जे केले ते आम्ही आधीच केले होते. हा अभिमान मला पुरता पटत नाही. बीटल्सपाशी चार समांतर पट्ट्यांवर निरनिराळे आवाज घेऊन ते मागाहून एकत्र करणारी यंत्रे होती. १९६६ साली त्यांनी फितीचे तुकडे जोडून त्यांची वेटोळी केली, फीत उलटी फिरविली, आणि जॉन लेननचा आवाज ऑर्गनसाठी असलेल्या फिरत्या कर्ण्यातून काढला. तो आवाज या पृथ्वीवरील कोणत्याही खोलीतला नाही, आणि तसा तो नसावा हाच त्यांचा हेतू होता. आपल्या नौशादमियांना खोली हवी होती, खेमचंदांना अंतर हवे होते. कथेत जो प्रसंग असे त्याची जागा कानापुढे उभी करावी, इतकेच त्यांचे मागणे. दोघांचीही धडपड खरी, परंतु वाटा वेगळ्या.

त्या वाटा एकदा मुंबईत एकमेकींस भेटल्या. १९६८ च्या जानेवारीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन एका इंग्रजी बोलपटाच्या संगीतासाठी एच. एम. व्ही. कंपनीच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात आला. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा. हरिप्रसाद चौरसियांची बासरीही त्याच मुक्कामातील एका गाण्यात आहे. मुंबईच्या त्या जागेत एकाच पट्टीवर मुद्रण करणारे यंत्र होते. म्हणून भास्कर मेनन यांनी दोन पट्ट्यांचे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणविले. कलकत्त्याहून मुंबईस यावयाचे दोन मुख्य लोहमार्ग आहेत, आणि त्यांपैकी नागपूरवरून येणारा आमच्या धामणगाव स्थानकातून जातो; एवढ्या पुराव्यावर मी त्या यंत्रास आमचा पाहुणा मानीत आलो आहे. ध्वनिमुद्रणगृह कचेरीच्या वर होते. सायंकाळी कचेरी सुटली की कारकून मंडळींची पावले जिन्यावर दणदणत आणि काम थांबवावे लागे. रस्त्यावरील मोटारींचा आवाजही आत येई. लंडनमध्ये सर्व जगाचे आवाज फितीत कोंडणाऱ्या माणसास येथे जग बाहेर ठेवता येईना! तेथे वाजविलेल्या एका गतीवर त्याने लंडनला परतल्यावर आपला आवाज चढविला, आणि 'दि इनर लाइट' या नावाने ती तबकडी मार्चमध्ये निघाली.

त्याच वर्षी राहुलदेव बर्मन यांनी 'पडोसन' मधील एका गाण्यात खरखरीत पृष्ठभागावर कंगवा घासून ठेका धरविला. हे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यावर बरे वाटले नाही. मी शिक्षक असताना मागल्या बाकावरील एक मुलगा कंगव्याचे दाते बाकाच्या कडेवर घाशीत असे. करकर, कर, करकर, कर. मी त्याचा कंगवा हिसकावून घेतला, त्यास तासभर उभे केले, आणि वर 'हे काय संगीत आहे?' असे विचारून वर्गास हसविले. त्याने उत्तर दिले नाही. त्याचा ठेका चुकत होता की नाही, हे मी ऐकलेच नव्हते. केवळ गोंगाट ऐकला होता.

परवा ते गाणे ऐकून झाल्यावर मी घरचा कंगवा घेतला आणि मेजाच्या कडेवर तोच ठेका धरून पाहिला. दोन आवर्तने कशीबशी जमत, तिसऱ्यास हात अडखळे. अर्धा तास तसाच गेला असेल. शेवटी आतून आमच्या मंडळींनी विचारले, "अहो, कपाटाला उंदीर लागला की काय?"