निवडुंगाच्या माळावरचा कारखानदार

तापीच्या काठची, शहादा-तळोद्याकडची जमीन काळी आणि खोल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती पाय सोडत नाही. हरळी आणि कुंदा अशा जमिनीत एकदा शिरले की लाकडी नांगराला दाद देत नाहीत. तो माती उकरतो, उलथत नाही. ढेकूळ पालथे घालून मुळे उन्हात काढायची तर लोखंडी नांगरच हवा. मराठी मुलखात तो नांगर रुजवणारा माणूस मात्र शेतकरी नव्हता. चित्रकार व्हायला मुंबईला गेलेला मुलगा होता. त्याचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. १८८५ मध्ये लक्ष्मणराव जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले, पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांना रंगकाम सोडावे लागले. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथे थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान होते. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे आरंभवर्ष मानले जाते.

सायकलींनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग नांगर. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. मला ही दोन वर्षे लक्ष्मणरावांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची वाटतात. गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणून त्यांनी धंदा बदलला नाही. आपल्या मातीत आणि आपल्या बैलांना चालेल असा नांगर बनवणे आणि तो शेतकऱ्याला पटवणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी आपलेच काम मानल्या.

धंदा जरा स्थिरावतो तोच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला देवीच्या सभामंडपाचे काम करत होते. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा आणि कर्ज देऊ केले. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन मिळाली. तिथे निवडुंग माजला होता, साप फिरत होते आणि पाण्याची वानवा होती. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. टाटांची पोलाद कंपनी तेव्हा तीनच वर्षांची होती आणि साकचीला अजून जमशेदपूर हे नावही मिळाले नव्हते. पुढे कुंडल रोडची पाटी उतरली आणि स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव लागले.

अमेरिकेतल्या पोलादसम्राटाची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये संपत्तीवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. श्रीमंताने जिवंतपणीच धन लोकांसाठी खर्चून टाकावे, हे त्याचे सार. त्यांनी अडीच हजारांवर ग्रंथालये उभी केली आणि ते दान थोर आहे. पण त्याच कार्नेगींच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ मध्ये कामगार आणि भाडोत्री पहारेकरी यांच्यात गोळ्या चालल्या, माणसे मेली. आधी मिळवायचे आणि मग वाटायचे, असा तो क्रम होता. लक्ष्मणरावांकडे वाटायला तेवढे धन नव्हते, आणि त्यांनी तो क्रमही पत्करला नाही. त्यांचे दातृत्व कारखाना चालवण्याच्या रीतीतच होते. वाडीत कामगारांसाठी घरे बांधली, पाण्याची सोय केली, शाळा काढली. अस्पृश्यता वाडीत चालणार नाही, असा दंडक घातला. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्यावर गाव दार लावून घेत होते, त्यांच्याच हाती दाराची राखण सोपवली. हे कुठल्याही देणगीपेक्षा अवघड होते, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले. मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. वाडीच्या भट्टीत त्यांचे नांगर झाले.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते मालाची माहिती द्यायला. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी त्याचे मासिक केले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिकेही त्यांनी सुरू केली. नांगराच्या कारखान्यातून बाईच्या हक्काची चर्चा माजघरापर्यंत पोचली. याच्या तोडीचे उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

आता परत तापीकाठी. लोखंडी नांगराने सगळ्यांचे भले झाले असे मी म्हणणार नाही. खोल नांगरटीला बैलांच्या दोन-चार जोड्या लागत. ज्याच्याकडे एकच जोडी, तो शेजाऱ्याच्या दारी उभा राहायचा. धडगावच्या डोंगरउतारावरच्या पातळ मातीला हलका लाकडी नांगरच बरा. आणि सपाटीवरच्या काळ्या मातीत नांगर कुणाचाही चालो, त्यामागे चालणारा भिल्ल सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा मजूर, सालदारच राहिला. त्याचा प्रश्न यंत्राने सुटणारा नव्हता. तो भिल्ल नेते अंबरसिंग महाराज यांनी आणि १९७२ मध्ये शहाद्यात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने ऐरणीवर आणला. वाडीची उणीवही याच कसोटीवर दिसते: तिथला सगळा चांगुलपणा मालकाच्या इच्छेवर उभा होता. शहाद्याजवळ पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने साखर कारखाना आला आणि त्याच्याभोवती पुरुषोत्तमनगर वसले, तेव्हा मालकीची घडी निराळी होती. ऊस घालणारा शेतकरीच सभासद होता. तरी ऊसतोड्याचे नाव सभासदांच्या यादीत येत नाही, हेही तितकेच खरे.

लक्ष्मणरावांच्या मुलांपैकी शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. नांगरामागून पंप आले, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला, आणि विहिरीवरची मोट हळूहळू थांबत गेली.

गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत १९४८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी जमावाने किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. माळावर सगळे शून्यातून उभारणाऱ्या माणसाला आयुष्याच्या अखेरीस ते जळताना पाहावे लागले. कारखाना पुन्हा उभा राहिला. भट्ट्या पेटल्या, नांगर आणि पंप बाहेर पडू लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले, तेव्हा वाडी चालू होती.