भंगारातील विद्या

ज्या वस्तूला बाजारात भाव उरला नाही, तिचे मूल्यही संपले, असे मानण्याकडे आपला कल असतो. व्हॉल्व्हवर चालणारे जुने रेडिओसंच किलोच्या भावाने भंगारात जातात, ते याच समजुतीमुळे. परंतु त्यांचे भाग जुळवून चालते हौशी रेडिओ-केंद्र उभे करणारी माणसे आजही आहेत, आणि त्यांचा उद्योग म्हणजे केवळ जुन्याचा सोस नव्हे.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपल्यावर लष्करी संदेशवहनाची यंत्रे मोडीत निघाली. अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतील बीसी-३४८ हा ग्राहकसंच त्यांपैकीच. पुढील दशकांत परकी चलनाच्या चणचणीमुळे आणि आयातीवरील निर्बंधांमुळे तयार संच दुर्लभ होते. तेव्हा भारतातील हौशी मंडळींनी या लष्करी मालावर आणि स्वहस्ते जोडलेल्या संचांवर काम चालविले. टंचाईने त्यांना कारागीर बनविले.

असे केंद्र आज जुळविताना घाई करून चालत नाही. वर्षानुवर्षे पडून राहिलेले कपॅसिटर निकामी झालेले असतात. ते बदलल्यावाचून वीज जोडणे धोक्याचे. मग डिमरस्टॅटने दाब हळूहळू वाढवावा लागतो. प्रक्षेपकातील ८०७ या व्हॉल्व्हला कित्येकशे व्होल्टचा दाब लागतो, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार शिल्लक राहू शकतो. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २० मीटर लांबीची, मधोमध विभागलेली तार उंच ताणावी लागते. जुळणी साधली की मिलिअ‍ॅमीटरचा काटा खाली झुकतो. त्या क्षणी अनुनाद ही पाठ्यपुस्तकातील संज्ञा डोळ्यांना दिसते. अर्थात प्रक्षेपणासाठी शासकीय परीक्षा व परवाना आवश्यक आहे, आणि त्याचा व्यापारी उपयोग निषिद्ध आहे.

खिशातील दूरध्वनीवरून जगाशी बोलता येत असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर असे की, आधुनिक उपकरणाचे अंतरंग मालकाला अगम्य असते. तो केवळ ग्राहक राहतो. जुन्या संचात मात्र प्रत्येक भागाचे कार्य उघड असते व बिघाड शोधता येतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानची संपर्कव्यवस्था कोलमडली, तेव्हा हौशी प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या पथकाने संदेशवहनाचे काम केले. त्यांची यंत्रे जुनी नव्हती, हे खरे. परंतु मिळेल त्या जागी तार ताणणे, विजेची सोय लावणे, क्षीण संकेत ओळखणे, ही विद्या तीच होय, आणि ती विकत मिळत नाही.

म्हणूनच महाविद्यालयांनी प्रयोगशाळेतील जुन्या रेडिओ-साहित्याचे निर्लेखन करण्यापूर्वी थांबून विचार करावा. परवानाधारक जाणकाराच्या देखरेखीखाली ते विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास खर्च थोडा आणि लाभ दीर्घकालीन आहे. घसारा वजा जाता ताळेबंदात त्या यंत्राची किंमत शून्य दिसेल. पण ते दुरुस्त करू जाणारा विद्यार्थी कोणत्याही ताळेबंदात दाखविता येत नाही. अशा विद्यार्थ्यांची उणीव देशाला मात्र संकटाच्या वेळी जाणवते.