डाग आणि लौकिक



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणक-सुरक्षेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी तरुण आज त्या क्षेत्रात आहेत, आणि ‘स्वतःचा ब्रँड घडवा’ हा उपदेश त्यांच्या कानी सतत पडत असतो. तो उपदेश त्यातील शब्दापासून तपासणे हे माझ्यासारख्याचे कामच आहे.

‘ब्रँड’ या शब्दाच्या मुळाशी जळणे आहे. जनावर कोणाच्या मालकीचे हे कळावे म्हणून तापलेल्या लोखंडाने उमटविलेली खूण, तो ब्रँड. मराठीत यालाच आपण डागणे म्हणतो; आणि डाग म्हणजे कलंकही. ओळख आणि कलंक या दोहोंना सामावणारा हा शब्द या व्यवसायाचे मर्म सांगतो. ज्याला कुलूप उघडण्याची विद्या अवगत आहे, त्याच्याच हाती आपण घराची किल्ली देतो. म्हणून येथे कौशल्याच्याही आधी विश्वास पारखला जातो.

डॅन कॅमिन्स्की या अमेरिकन तज्ज्ञाचे उदाहरण घ्या. आपण संकेतस्थळाचे नाव टंकित करतो, तेव्हा त्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी एक व्यवस्था असते; तिला डीएनएस म्हणतात. २००८ साली कॅमिन्स्कींना तिच्यात असा दोष आढळला की, बँकेचे नाव अचूक लिहिणारा ग्राहकही भामट्याच्या दारात जाऊन उभा राहावा. त्यांनी याचा गाजावाजा केला नाही. निवडक जाणकारांना व उत्पादकांना विश्वासात घेतले, अनेक महिने मौन पाळले, आणि ८ जुलै २००८ रोजी अनेक कंपन्यांनी एकाच वेळी दुरुस्ती प्रसिद्ध केली. २०२१ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते, ते जितके त्या शोधासाठी तितकेच त्या मौनासाठी.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे ट्रॉय हंट यांचे. आपला ई-मेल पत्ता चोरीस गेलेल्या माहितीत आहे काय, हे कोणासही विनामूल्य पाहता यावे अशी सोय त्यांनी २०१३ साली केली. मार्च २०२५ मध्ये प्रवासाने थकलेले असताना ते स्वतःच एका बनावट पत्रास फसले आणि त्यांच्या वाचकांचे सुमारे १६ हजार पत्ते चोरीस गेले. त्यांनी त्याच दिवशी सारी हकीकत जाहीर केली. लपविली असती तर डाग उरला असता. सांगितल्याने विश्वास टिकला.

यावरून मार्ग स्पष्ट होतो. दोष सापडल्यास प्रथम संबंधित संस्थेस, तिने दाद न दिल्यास २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेस कळवावे. दुरुस्तीनंतरच त्यावर लिहावे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरू नये. अप्रामाणिकपणे वा कपटाने तसे करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रमाणपत्रे जरूर मिळवावीत. पण ती दारापर्यंत नेतात, आत घेतले जाते ते केलेल्या कामाच्या बळावर.

आणखी एक गोष्ट आपल्या खास अधिकारातली आहे. ‘डिजिटल अटक’ झाल्याची बतावणी करून वृद्धांना लुबाडणारे भामटे लोकांच्या भाषेत बोलतात. सावध करणारे मात्र बहुधा इंग्रजीत लिहितात. कायद्यात अशी अटकच नाही, आणि फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, एवढे दोन मुद्दे जो आपल्या गल्लीतील आजी-आजोबांना सोप्या मराठीत समजावील, त्याचे नाव घरोघरी पोहोचेल.

ब्रँड स्वतःच्या हाताने उमटविता येतो. लौकिक मात्र लोकांच्या तोंडी असतो, आणि तो त्यांच्याकडूनच मिळवावा लागतो.