किनाऱ्याच्या वाटेवरील जुन्या इमारती

चिंचणीच्या पुळणीवरून दक्षिणेस निघून तारापूर, सातपाटी, शिरगांव व माहीम या गांवांवरून केळव्यापर्यंत पायीं जाणें हा दोन दिवसांचा चांगला प्रवास होय. अंतर सुमारें ३० किलोमीटर. परंतु मध्यें खाड्या आडव्या येत असल्यामुळें प्रत्यक्षांत अधिक चालावें लागतें. या वाटेवर जुन्या कोटांची वाण नाहीं. ते शोधावे कसे व त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं कशीं, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

प्रथम नकाशावर खाड्यांचीं मुखें पहावीं. पोर्तुगीजांनीं हे कोट शोभेकरितां उभारले नव्हते. आंत शिरणारें गलबत नजरेखालीं रहावें, हाच त्यांचा हेतु. नंतर गांवांतील वृद्धांस 'कोट कोठें आहे?' असें विचारावें. 'ऐतिहासिक वास्तु' कोठें म्हणून विचारणाऱ्यास बहुधा बाजाराचीच वाट दाखविण्यांत येते!

चिंचणीची खाडी ओलांडतांच तारापूरचा किल्ला लागतो. चिमाजीअप्पांच्या सैन्यानें १७३९ च्या जानेवारींत तो लढून घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसईहि पडली. आज कोटाच्या आंत खासगी वाडी आहे. सबब मालकाची परवानगी घेतल्यावांचून पाऊल टाकूं नये. पुढें १९६९ पासून चालू असलेलें अणुविद्युत् केंद्र येतें. तेथें कॅमेरा पिशवींतच ठेवावा.

शिरगांवचा किल्ला या वाटेवर सर्वांत सुस्थितींत आहे, असें आमचें मत आहे. त्याच्या बुरुजांइतकेंच तेथील फांद्या फुटलेलें ताडाचें झाड प्रेक्षणीय आहे.

आतां छायाचित्राविषयीं. समुद्राकडील भिंती पश्चिमाभिमुख असल्यामुळें सकाळीं त्या छायेंत असतात. त्या तिसऱ्या प्रहरीं घ्याव्या. भर दुपारीं दगड सपाट दिसतात. ऊन तिरपें असतां मात्र सांधे, गिलाव्याचे थर, मागाहून केलेली डागडुजी, सर्व उठून दिसतें. भिंतीपाशीं एक मीटरची काठी उभी करावी, म्हणजे उंचीचा अदमास येतो. वरचा भाग साधण्यासाठीं कॅमेरा वर कलविला तर बुरूज मागें झुकल्यासारखा दिसतो. त्यापेक्षां स्वतः दूर जावें. प्रत्येक चित्रामागें तारीख, दिशा व उभे राहिल्याची जागा लिहावी. हें काम कंटाळवाणें खरें, पण याचसाठीं सारा खटाटोप. पिंपळाचें मूळ दरवर्षीं भिंतींत किती शिरलें, हें एका जागेवरून घेतलेल्या दोन चित्रांवरूनच कळतें. आणि भिंत एकदां ढांसळली, कीं तिचे दगड फार दिवस जागेवर रहात नाहींत. मग कमान कशी होती, याची साक्ष देणारें त्या कागदावांचून कांहीं उरत नाहीं. सुंदर चित्रें पुष्कळजण घेतात, पडझडीचीं थोडेच.

केळव्यास दोन कोट आहेत. एक सुरूच्या बनांत, वाळूनें बराच काळ अर्धा गिळलेला. दुसरा खाडींतील पाणकोट. तेथें ओहोटीस जावें व भरती लागण्यापूर्वींच परतावें. पूर्ण भरती झाल्यावर मग काठावरून एक चित्र घ्यावें. चोहोंकडे पाणी असतां त्याचा नावेसारखा आकार स्पष्ट दिसतो.